अर्धा हुकूम

“आजोबा, यंदाच्या जत्रेतल्या मेंढ्या वळायच्या स्पर्धेत टिबला घेऊन तुमच्याऐवजी मी मैदानात उतरले तर?”

हा प्रश्न हेटी रेल्फच्या डोक्यातून निघालेला नव्हता, शाळेच्या बसमधून निघालेला होता. ब्रायनी आणि केझिया या तिच्या जिवलग मैत्रिणींनी पैजच लावली होती. आज घरी जाऊन आजोबांना विचारून दाखव, नाहीतर नाताळपर्यंत बसच्या सगळ्यात मागच्या सीटवर तू बसायचं. त्या सीटवर घाटात हमखास उलटी होते. गेल्या वर्षीची हेटी असती तर मुकाट्याने मागे जाऊन बसली असती. ती हजेरीलासुद्धा नुसती मान हलवायची. पण सुट्टीआधी शाळेच्या नाटकात तिला दवंडीवाल्याचं काम मिळालं आणि आपल्या गळ्यात केवढा आवाज दडलाय ते तिचं तिलाच कळलं. तेव्हापासून जेवताना मीठ मागायचं झालं तरी दवंडी!

आजोबांनी चहाचा मग खाली ठेवला. “टिब,” ते खुर्चीशी पडलेल्या आपल्या कुत्रीकडे बघत म्हणाले. मग बऱ्याच वेळाने, “हेटी.” आणि हसले. हेटीने तो होकार धरला.

आजोबांशी बोलणं आता असंच चालायचं. त्यांच्या डोंगरदरीतली माणसं तशीही नावांनी कमी आणि दिशांनी जास्त बोलतात. मेंढी ‘वर तिकडे पलीकडे’ असते, फाटक ‘खाली मागे आत’ असतं आणि शेजारी ‘सहज वरून खाली’ आलेला असतो. डोंगरातले बांध जसे दगडावर दगड ठेवून रचतात, मध्ये ना चुना ना सिमेंट, तसे हे बारके शब्द एकावर एक चढतात आणि पडत मात्र नाहीत. आजोबा त्यातले उस्ताद. वाट चुकलेली शहरी माणसं त्यांना रस्ता विचारायची, ऐकून घ्यायची, मनापासून आभार मानायची आणि थेट उलट्या दिशेला चालू लागायची.

मग गेल्या हिवाळ्यात आजोबांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि बोलण्यातून नेमके ते बारके शब्द गळून गेले. नावं तेवढी राहिली. “दार. पाऊस.” म्हटलं की समजायचं, आत ये बाई, भिजू नकोस. घरची माणसं समजून घ्यायची. पण टिबचं काय? मेंढ्या वळणाऱ्या कुत्रीचा सगळा संसार त्या बारक्या शब्दांवर. ‘कम बाय’ म्हटलं की डावीकडून वळसा, ‘अवे टू मी’ म्हटलं की उजवीकडून. दूर जा आणि माझ्याकडे, एकाच दमात! असा हुकूम माणसाला दिला तर तो डोकं धरून बसेल. टिब बसायची नाही, धावायची.

आता मात्र ती दिवसभर आजोबांच्या खुर्चीशी पडून असायची. बाबांकडे त्यांचा तरुण कुत्रा होता, त्यांना तिची गरज नव्हती. कामाच्या कुत्रीला बिनकामाची ठेवणं म्हणजे तिला शिक्षाच, असं बाबा म्हणत आणि ते काही खोटं नव्हतं. डोंगरापलीकडचा जॉस टायसन जत्रेत तिला बघायला येणार होता. पसंत पडली तर घेऊन जाणार होता. आजोबांना विचारलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “टिब. काम.” टिबला काम मिळतंय तर जाऊ दे तिला? की टिबचं काम इथंच आहे? मधले शब्दच नाहीत तर कळणार कसं? बाबांनी आपल्या सोयीचा अर्थ लावला आणि आजोबा दोन दिवस खिडकीकडे तोंड करून बसले.

त्यामुळे पैजेपुरता विचारलेला प्रश्न आता हेटीचा बेत झाला. जत्रेत बक्षीस मिळवायचं. बक्षीस मिळवलेली कुत्री कोण विकेल? केझियाने शंका काढली, की बक्षीस मिळालं तर टायसन उलट पळतच येईल. पण हेटी तोवर दोरी आणि शिट्टी घेऊन निघालीसुद्धा होती.

सराव काय झाला म्हणता! रोज शाळेतून आलं की हेटी घरामागच्या कुरणात, स्पर्धेत असतो तसा खांब रोवून, त्याच्याशी उभी राहायची आणि दवंडीच्या आवाजात हुकूम सोडायची. “कम बाय” म्हटलं की टिब डावीकडे. “अवे टू मी” म्हटलं की टिब उजवीकडे. मेंढ्या शहाण्या मुलींसारख्या रांगेत. आजोबा मागे बांधाला टेकून डाव्या हातातली काठी हलवत उभे असायचे. त्यांना बरं वाटावं म्हणून हेटी त्यांना तिथं उभं राहू द्यायची. केवढा तिचा मोठेपणा! शुक्रवारी तिने बसमध्ये जाहीर करून टाकलं, की कुत्र्यांना कह्यात ठेवायचं म्हणजे सगळा खेळ आवाजाचा असतो आणि तो एकतर असतो किंवा नसतो.

जत्रेच्या दिवशी ऊन पडलं होतं. दोरीच्या पलीकडे सगळी दरी लोटलेली. पुढेच जॉस टायसन, हाताची घडी घालून. हेटीच्या मागे, दोरीशी आई आणि आजोबा. वर टेकडीवर चार करड्या मेंढ्या सोडलेल्या; त्या दोन फाटकांतून आणून मेंढ्यांच्या वाड्यात घालायच्या. त्या जातीच्या मेंढीचा चेहरा हसरा असतो आणि मनात काय असतं ते देव जाणे.

हेटीने छाती भरून हुकूम सोडला आणि टिब निघाली. काय तो वळसा! पोट गवताला लावून, चाहूलही न देता, ती टेकडीमागून उगवली आणि मेंढ्या खाली निघाल्या. पहिलं फाटक पार. टाळ्या. टायसनने हाताची घडी सोडली. हेटीच्या मनात बक्षिसाचा कप कपाटावर नेमका कुठे ठेवायचा ते ठरत होतं.

तेवढ्यात तिच्या मागे आजोबा म्हणाले, “चहा. पाय.” उभं राहून त्यांचे पाय भरून आले होते. आई त्यांना हाताला धरून चहाच्या तंबूकडे घेऊन गेली. हेटीने मागे वळून पाहिलंच नाही. टिबने मात्र पाहिलं.

ती थबकली. मग मेंढ्या वळल्या, दुसऱ्या फाटकाकडे नव्हे, भलतीकडेच. हेटी ओरडली, “अवे टू मी!” टिबने कानसुद्धा हलवला नाही. हेटीने दवंडीचा आवाज लावला. तिकडच्या कुरणातल्या गाईंनी माना वर केल्या, बँडवाल्याची तुतारी अर्ध्यात थांबली, टिब ढिम्म! दोरीपाशी मेंढ्यांना वाट द्यायला माणसं बाजूला झाली आणि चारही मेंढ्या, हसऱ्या चेहऱ्याने, चहाच्या तंबूत शिरल्या. त्याच तंबूत केकच्या स्पर्धेचं परीक्षण चाललं होतं.

हेटी पोहोचली तेव्हा परीक्षक पॉसलथ्वेटबाई खुर्चीवर चढून उभ्या होत्या आणि हातातला चमचा तलवारीसारखा धरून होत्या. एका मेंढीने आलुबुखाराच्या टार्टात तोंड घातलं होतं. दुसरी टेबलक्लॉथ पांघरून नवरीसारखी उभी होती. चार-पाच धट्टेकट्टे पुरुष हात पसरून ‘हुश हुश’ करत होते आणि त्याने मेंढ्या टेबलाखाली आणखीच घट्ट बसत होत्या. मधोमध आजोबा, हातात चहाचा कप. त्यांच्या समोर टिब जमिनीला पोट टेकून बसलेली, जीभ बाहेर, डोळे त्यांच्यावर. जणू म्हणत होती, घ्या, आणल्या. एवढे महिने मागवल्या नाहीत तुम्ही.

“टिब,” आजोबा म्हणाले.

हेटी दारातच उभी राहिली. तिचा सगळा आठवडा तिच्या डोळ्यांसमोरून गेला. ते कुरण, तो खांब, आणि मागे बांधाशी हलणारी ती काठी. टिब तिचं एक अक्षरही ऐकत नव्हती! ती हेटीच्या खांद्यावरून पलीकडे बघत होती. दवंडी आपली रिकाम्या गावात पिटली जात होती. हेटीचे कान लाल झाले. मैत्रिणी तंबूच्या फटीतून बघत होत्या, ते तिला न बघताही कळलं.

टेबल हललं. वरचा तीन मजली केक कलला. आजोबांनी कप ठेवला, काठी उचलली आणि उजवीकडे रोखली. टिब अर्धी उठली. पण तंबूत माणसं, टेबलं, पाय. नुसत्या काठीने ती पाऊल टाकेना. आजोबांचं तोंड उघडलं. ओठ हलले. शब्द काही येईना. सगळा तंबू बघत होता, आणि आजोबांचा चेहरा हळूहळू त्या खिडकीकडे तोंड केलेल्या दिवसांसारखा व्हायला लागला.

“अवे,” आजोबा म्हणाले.

हिवाळ्यानंतरचा पहिला बारका शब्द. पुढचा काही आला नाही. अवे तर खरं, पण कुणाकडे?

हेटी त्यांच्याजवळ जाऊन उभी राहिली. “टू मी,” ती म्हणाली. अगदी हळू. मीठसुद्धा तिने कधी इतक्या हळू मागितलं नव्हतं.

हुकमाचा कोणता अर्धा भाग कुणाच्या तोंडून आला याची टिबने चौकशी केली नाही. ती टेबलाखालून तेलासारखी सरकली, उजवीकडून मागे गेली आणि मेंढ्या एकामागून एक बाहेर पडू लागल्या. काठी वळली, हेटी पुटपुटली, टिब वळली. काठी, हेटी, टिब. टेबलक्लॉथवालीसुद्धा पदर सावरत निघाली आणि त्या पदराला लागून तीन मजली केक आणि बिस्किटांची ताटं खाली आली. तिघांनी मिळून त्या चार बायांना तंबूतून मैदानात, मैदानातून दुसऱ्या फाटकात आणि फाटकातून वाड्यात घातलं. मैदानावरच्या परीक्षकांनी हेटीचं नाव केव्हाच खोडलं होतं, तरी लोक टाळ्या वाजवत होते. आजोबांचे डोळे वाहत होते आणि ते पुसायचे सोडून ते टिबचे कान चोळत होते.

जॉस टायसन बाबांजवळ आला. म्हणाला, कुत्री सोन्यासारखी आहे, पण तिच्याबरोबर म्हातारबुवा आणि पोरगीही न्यावी लागेल, आणि माझ्या घरी एकच जादा खोली आहे. हात मिळवून तो निघून गेला.

परतताना बाबांनी गाडी घाटाला लावली. मग म्हणाले, दुसरं गिऱ्हाईक बघावं लागेल. मागच्या सीटवर आजोबा आणि हेटी यांच्या मधे टिब घोरत होती. आजोबांचा चांगला हात तिच्या पाठीवर होता. त्यांनी हेटीकडे बघितलं.

हेटीने घसा साफ केला.

“आई, बाबा, मी ठरवलंय. गिऱ्हाईक बघायचं नाही. उद्यापासून शाळेच्या बसआधी मी आणि आजोबा टिबला घेऊन वरच्या कुरणात जाणार. त्यांची काठी, माझं तोंड. तिला रोज काम मिळेल आणि त्यांनाही. यात बदल होणार नाही.” मग जरा थांबून, खालच्या आवाजात, “आणि आई, पॉसलथ्वेटबाईंना मी शब्द देऊन बसलेय, की तो टार्ट, तो तीन मजली केक आणि सगळी बिस्किटं तू रविवारपर्यंत करून देतेस.”