पाऊण किलो लोण्याचा सील

"थंडी म्हणजे काय, ते मला शिकवू नका!" असं तो उठता-बसता म्हणायचा. हक्कच होता त्याला. वीस वर्षं लोकांचे फ्रीज दुरुस्त करत होता! त्यामुळे रविवारी सकाळी चौथीतल्या लेकीने विचारलं, "बाबा, बर्फाळ समुद्रात सीलला थंडी कशी वाजत नाही? उद्या वर्गात प्रयोग करून दाखवायचाय," तेव्हा मेकॅनिकसाहेबांची छाती टम्म फुगली.

"कातडीखाली चरबीचा जाड थर असतो, बेटा! आतली ऊब तो बाहेरच जाऊ देत नाही."

"पुस्तकात लिहिलंय, पिशवीत चार चमचे तूप घ्या..."

"चार चमचे? चार चमच्यांत सील काय, झुरळसुद्धा तगणार नाही!"

त्याची बायको घरी केक करून विकायची. संध्याकाळच्या मोठ्या केकसाठी पाऊण किलो लोणी ओट्यावर काढून ठेवून ती अंडी आणायला गेली होती. "थोडंसंच घेऊ," म्हणता म्हणता डबा साफ! एका पिशवीत दुसरी पिशवी, मधे लोणी, आत कोपरापर्यंत डावा हात आणि वरून चिकटपट्टीचे सात वेढे. उजव्या हाताला नुसती पिशवी, तीही चिकटपट्टीने गच्च. समोर बर्फाच्या पाण्याने भरलेली बादली.

"एक, दोन, तीन!"

उजवा हात अर्ध्या मिनिटात बोंबलत बाहेर आला. डावा मात्र आत मजेत! पाच मिनिटं झाली, दहा झाली. तो खुशीत शीळ घालत होता, लेक वहीत वेळ टिपत होती.

एवढ्यात फोन वाजला. सासूबाई! लेकीने फोन त्याच्या कानाला लावला.

"जावईबापू, किती वेळ वाजतोय फोन!"

"हात अडकलेत ना, आई! उजवा तर पहिल्याच मिनिटाला गेला! डाव्याला दहा मिनिटं झाली, काहीच जाणवत नाही!"

"अगं बाई! आणि... जीव घाबरतोय का?"

"छे! उलट इतकं छान वाटतंय म्हणून सांगू!"

पलीकडे एक हुंदका, आणि फोन बंद.

त्याच्या डोक्यात प्रकाश पडला, पण उशिरा. लेकीने परत फोन लावला तर सासूबाईंचा नंबर व्यस्त! घाईघाईने तो दातांनी चिकटपट्टी सोडवू लागला. ती हाताची सुटेना आणि आता मिशीचीही सुटेना! तशातच दार धाडकन उघडलं. एका हातात अंड्यांची पिशवी, दुसऱ्या हातात खालच्या मजल्यावरच्या डॉक्टरांची बाही धरून बायको आत धावली.

"अहो! काय झालं हो तुम्हाला!" म्हणत तिने रडत रडत त्याचा डावा हात घट्ट आवळला.

फच्च!

पिशवी फुटली. लोणी भिंतीवर, पंख्यावर आणि डॉक्टरांच्या चष्म्यावर!

बायकोने गालावरचा गोळा बोटाने पुसला, हुंगला. तिचं रडणं नळ बंद करावा तसं थांबलं.

"हे माझं लोणी आहे?"

"विज्ञानासाठी होतं गं..." तो मिशीतल्या चिकटपट्टीतून पुटपुटला.

डॉक्टरांनी शांतपणे चष्मा पुसला, नाडी बघितली, रक्तदाब मोजला. मग त्यांची नजर मेकॅनिकसाहेबांच्या पोटावर स्थिरावली.

"हात ठणठणीत आहेत. पण एवढा थर अंगावर असताना लोणी कशाला वाया घालवलंत? उद्यापासून रोज तासभर चालायचं!"

लेकीने वहीतून मान वर केली. "डॉक्टरकाका, मग उद्या वर्गात लोण्याऐवजी बाबांनाच नेलं तर?"

"ने की!" बायको म्हणाली. "आणि परत आणायची अजिबात घाई करू नकोस!"