तात्यांची डावी बाजू

कंपनीच्या बसमध्ये तात्या डाव्या खिडकीशिवाय कुठंही बसत नसत. तिथं आधीच कुणी बसलेलं असलं तर त्याला उठवत. कारण विचारलं की म्हणत, "किनारा डावीकडं असतो." चिंचवडहून पिंपरीला जाताना डावीकडं बाभळी दिसत, आणि खडीचे ढीग. समुद्र आमच्यातल्या निम्म्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

आमचा कारखाना तेव्हा नुकता उभा राहिला होता. तात्या बॉयलरवर, मी हजेरी कारकून. जेवणाच्या सुट्टीत त्यांचा संताप एकाच गोष्टीवर निघे: कोकणच्या बोटीतले प्रवासी. माणसं डेकवर चटई पसरून झोपतात, पत्ते कुटतात, बोट लागली म्हणून लिंबू हुंगत पडतात, आणि किनाऱ्याकडं पाठ करतात. "डोळे काय धक्क्यावर ठेवून येतात?" हे ते आम्हालाच दरडावून विचारत. आम्ही हसायचो. मी जरा जास्तच.

एका शिमग्याला ते मला गावी घेऊन निघाले. बोट सुटताच त्यांनी मला डाव्या कठड्याशी उभं केलं. माडांच्या रांगा, पाण्यात उतरलेले किल्ले, खाडीच्या तोंडाशी शिडं. पाहतच राहावं असं होतं. पण सुखानं पाहू देतील तर ते तात्या कसले. घोरणाऱ्यांची पांघरुणं ओढ, पत्त्यांचा डाव मोड, असं चाललं होतं. एका म्हाताऱ्यानं त्यांच्यावर काठी उगारली. हा गृहस्थ माझ्या ओळखीचा नाही, असा चेहरा करून मी उभा होतो.

दाभोळ मागं पडलं तसे तात्या सगळं सोडून माझ्या शेजारी कठड्याशी आले. पुढच्या टेकाडावर एका घराजवळ लाल ठिपका हलत होता.

"आई," ते म्हणाले. "लुगडं हलवतेय."

बोट तिथं थांबत नव्हती. पुढच्या बंदरावर उतरून मागं चालत यायचं होतं. तुम्ही येताय हे कळवलंत वाटतं, असं मी विचारलं.

"नाय ओ. ती प्रत्येक बोटीला हलवते. मी कुठल्या बोटीत, तिला कसं कळणार?" मग त्यांचा आवाज चढला. "मी वर्षातून एकदा असतो, राव. बाकीच्या बोटींतून कुणी एक तरी हात वर करायला नको?"

मी टोपी काढून हलवायला लागलो. मागं एक पत्तेवाला हसला. माझं डोकं फिरलं. मी त्याच्या हातातले पत्ते हिसकावले आणि दंडाला धरून त्याला कठड्याशी आणून उभं केलं.