यंत्राने दिलेले भिडू

एकट्याने खेळून हरलं की दोष आपलाच असतो. ही गैरसोय माणसाच्या फार पूर्वीच लक्षात आली आणि त्याने संघ नावाची व्यवस्था शोधून काढली. तेव्हापासून आजतागायत जगातला कोणताही खेळाडू स्वतःमुळे हरलेला नाही. जो हरला तो उरलेल्यांमुळे हरला. (जिंकण्याची कारणं वेगळी असतात, ती ज्याची त्याला पाठ असतात.)

या व्यवस्थेत पूर्वी एकच खोट होती. भिडू ओळखीचा असायचा. मेट्रनबाईंचंच उदाहरण घ्या. नोकरीत असताना इस्पितळाच्या ड्यूटी-रूममध्ये दुपारच्या चहानंतर कॅरम चालायचा आणि त्यांचा भिडू होता औषधांच्या खिडकीवरचा कंपाउंडर. हा गृहस्थ राणी हमखास समोरच्यांच्या हवाली करायचा. पण वॉर्डाची औषधं दुसऱ्या दिवशी त्याच्याच खिडकीतून यायची, त्याच्या बायकोचं पहिलं बाळंतपण मेट्रनबाईंच्या हातून झालेलं, आणि बाईंच्या नवऱ्याच्या आजारपणात रोज डबा पोचवणाराही तोच. अशा माणसाला 'गाढवा' कसं म्हणणार? उभ्या नोकरीत मेट्रनबाई "असू दे हो" एवढंच म्हणत राहिल्या. तो वारला तेव्हा त्यांना घास गिळवेना. ओळखीच्या भिडूचे हे असे तोटे असतात.

हल्ली ती खोट दूर झाली आहे. आता भिडू यंत्र देतं. फोनवर बटण दाबायचं, एक चक्र थोडा वेळ गरगर फिरतं, आणि जगाच्या पाठीवर कुठेतरी तेच बटण दाबून बसलेले चार परके जीव तुमच्याशी बांधले जातात. चौकशी नाही, शिफारस नाही, नावगाव नाही. डाव संपला की संबंध संपला. आजारपणात भेटायला जावं लागत नाही आणि माणूस मेला तरी कळत नाही. त्यामुळे मनात येईल ते तोंडावर बोलता येतं. मानवी संबंधांत इतकी स्वच्छता यापूर्वी फक्त ऑपरेशन थिएटरात पाहायला मिळत असे.

मेट्रनबाई या व्यवस्थेत शिरल्या त्या काही हौसेने नव्हे. त्यांच्या मुलीची मुलगी, घरातलं नाव बुटकी, (आता तिचं डोकं दाराच्या चौकटीला टेकतं, पण नाव बदलायचं कुणाच्या मनात आलं नाही) दूरच्या शहरात नोकरीला गेली आणि फोनवरची तिची भाषा आटत आटत 'हं' या एका अक्षरावर आली. जेवलीस का? हं. बरी आहेस ना? हं. काम फार असतं का गं? हं हं. हीच पोर लहानपणी आजोळी राहत असताना शाळेतून आली की दप्तर खांद्यावरून काढायच्या आधी आजीला स्वयंपाकघरात गाठायची आणि दिवसभराची खबर देऊन मोकळी व्हायची. आता आजी फोन ठेवायची आणि बराच वेळ त्या काळ्या काचेकडे बघत बसायची.

पुढे असं कळलं की बुटकी रोज संध्याकाळी एक खेळ खेळते आणि त्यात तासभर अखंड बोलते. परक्यांशी. मेट्रनबाईंनी विचारलं, मी आले तर चालेल का? पलीकडून बऱ्याच महिन्यांत पहिल्यांदा एक पूर्ण वाक्य आलं.

"आजी, तू पितळेपर्यंत ये, मग आपल्याला एका संघात घेतील."

इथे नियम सांगणं प्राप्त आहे. पाच जणांचा एक संघ, समोर दुसरे पाच. एकमेकांचा बुरूज पाडायचा. नवा माणूस 'माती' या पायरीवर असतो. जिंकत गेलं की तांबं, पितळ, चांदी, सोनं. हरत गेलं की खाली. एका पायरीपेक्षा जास्त अंतर असलेल्यांना सोबत खेळायला मनाई आहे, मग ते रक्ताचे नातेवाईक का असेनात. बुटकी चांदीवर होती. सबब, आजीला नातीशी बोलायचं तर आधी माती आणि तांबं ओलांडायला हवं होतं, आणि तेही चार परक्यांच्या खांद्यांवरून.

मुलाने हेडफोन आणून दिला, सुनेने टेबलावर दिवा ठेवला, आणि दुपारची जेवणं आटोपली की मेट्रनबाई चष्मा पुसून कामावर रुजू होऊ लागल्या. संघात योद्धा, तिरंदाज, पहारेकरी, जादूगार आणि वैद्य अशा जागा असतात. वैद्याची जागा बहुधा रिकामी सापडते, कारण वैद्याला कुणाला मारता येत नाही. मेट्रनबाईंनी ती आनंदाने घेतली.

त्यांची कामाची पद्धत इस्पितळात मुरलेली. सांगितलेलं काम ऐकणाऱ्याने परत बोलून दाखवायचं, म्हणजे चुकीच्या माणसाला चुकीची सुई टोचली जात नाही. त्याप्रमाणे डाव सुरू झाला की त्या माइकमध्ये स्वच्छ आवाजात म्हणायच्या, "डावी बाजू तिरंदाजाने सांभाळायची. परत बोलून दाखवा." यावर आलेल्या उत्तरांपैकी छापण्याजोगं एकच आहे: "ही म्हातारी कोण?" (हे परत बोलून दाखवणं धरलं जात नाही.) त्यांचा दुसरा नियम त्याहून जुना होता. ज्याला जास्त लागलंय त्याला आधी. तो शहाणा की मूर्ख, आपल्या कामाचा की बिनकामाचा, हे पट्टी बांधणाऱ्याने बघायचं नसतं.

काही महिन्यांच्या सेवेत परक्या भिडूंचे मुख्य प्रकार त्यांच्या ध्यानात आले.

पहिला सेनापती. हा सर्वांत आधी मरतो आणि उरलेला डावभर जिवंतांना मार्गदर्शन करतो. मेल्यावर माणसाची दृष्टी विशाल होते, असं त्याच्या बोलण्यावरून दिसतं.

दुसरा एकांडा वीर. समोरच्या पाचांवर एकटाच धावून जातो, मार खातो, आणि वैद्य कुठे मेला म्हणून विचारतो. बरा झाला की पुन्हा धावून जातो. मेट्रनबाईंचा बहुतेक वेळ यालाच बरं करण्यात जाई.

तिसरा वाटसरू. डाव ऐन रंगात आला की हा निघून जातो. कुणी सांगून जातो (जेवायला बोलावलंय, दारावर कुणी आलंय, बॅटरी संपली), पण बहुसंख्य न सांगताच अंतर्धान पावतात. मग पाचांविरुद्ध चौघं उरतात आणि त्या चौघांचं एकमेकांशी पटत नाही.

चौथा मौनी. हा जागेवर असतो आणि नसतोही. भिंतीकडे तोंड करून उभा राहतो, बोलत नाही, हलत नाही. याचा मेट्रनबाईंना काहीच त्रास झाला नाही. असे रुग्ण त्यांनी वॉर्डात पुष्कळ सांभाळले होते.

या सर्वांत एक गुण समान आढळतो. ढोबळ अंदाजानुसार (अंदाज मेट्रनबाईंचा) दहातले नऊ जण संघात आपण एकटेच शहाणे आहोत, अशा मताचे असतात. दहाव्याचं मत घेता आलं नाही, कारण तो तोवर निघून गेला होता.

खेळ चालवणाऱ्यांना याची कल्पना नाही, असं कुणी समजू नये. प्रत्येक डावाच्या शेवटी तक्रारीची उत्तम सोय आहे. उरलेल्या चौघांची नावं समोर येतात, हव्या त्या नावावर बोट ठेवायचं आणि अपराध निवडायचा: शिवीगाळ, पळ काढणे, मुद्दाम हरणे, इतर. (आपलं स्वतःचं नाव या यादीत नसतं. तशी मागणी अद्याप कुणी केलेली नाही.) मेट्रनबाई नेहमी 'इतर' निवडून सविस्तर लिहायच्या: "सदर तिरंदाज हुशार आहे, पण सूचना पाळत नाही. वागणुकीत सुधारणा अपेक्षित." लगेच उत्तर यायचं की आपल्या तक्रारीमुळे खेळ अधिक आनंददायी झाला आहे. दुसऱ्या दिवशी तितकाच आनंददायी खेळ पुन्हा सुरू व्हायचा.

एवढ्या खटाटोपाचं फळ काय, तर मेट्रनबाई दोनदा तांब्यावर चढल्या आणि दोनदा मातीत परत आल्या. मातीच्या खाली पायरी ठेवलेली नाही, हा खेळ करणाऱ्यांचा मोठेपणा. घरात त्यांची बोलण्याची ढब मात्र बदलली. भाजी करपली तर त्या सुनेला म्हणायच्या की चूक तुझी नाही, तुला भिडूच असा मिळाला. आणि मुलगा मान खाली घालून गॅस बारीक करायचा.

शेवटी बुटकीने आजीचे हरलेले डाव मागवून घेतले. (डाव जसाच्या तसा साठवून पुन्हा बघता येतो. पूर्वी हरलेला डाव विसरण्याची सोय होती.) मग तिने आपणहून फोन केला.

"आजी, तू दर वेळी त्या मूर्खालाच वाचवतेस. तो धावून जातो, तू त्याला बरं करतेस, तो परत धावून जातो. तोवर जो धड खेळतोय तो मरतो."

"त्याला जास्त लागलेलं असतं."

"अगं, पण त्याच्यापायी हरतो ना आपण."

"ज्याला जास्त लागलंय त्याला आधी. हे मी मोठ्या सर्जनसाहेबांपुढे बदललं नाही, तुझ्या बुरुजापुढे बदलू?"

"मग तू कधीच पितळेला येणार नाहीस."

मेट्रनबाईंनी तिला शांतपणे समजावलं की प्रश्न पद्धतीचा नाही, माणसांचा आहे. चार बरी माणसं मिळाली असती तर आज त्या सोन्यावर बसल्या असत्या. बुटकी म्हणाली, "हं."

पण त्या दिवशी तिने फोन लगेच ठेवला नाही. आजी वर येत नाही, तर नातीने खाली यायला काय हरकत आहे, असा साधा विचार तिच्या मनात आला. चांदीवरून तांब्यावर उतरायचं, की आजीपासून अंतर एकाच पायरीचं. उतरण्याचा मार्ग नियमात बसणारा होता. हरायचं. आणि खात्रीने हरायचं तर ऐन रंगात डाव सोडून निघून जायचं.

त्यानंतर बुटकी रोज संध्याकाळी ऑफिसातून आली की बटण दाबायची, चार परक्यांशी बांधली जायची, आणि बुरूज पडायच्या बेतात आला की फोन उशीवर ठेवून कपड्यांच्या घड्या करायला जायची. मागे राहिलेले चौघं कंठशोष करायचे. त्यांच्यात कुणी कितव्यांदा सोन्याच्या उंबरठ्यावरून परतलं, कुणाच्या घरी त्या संध्याकाळी आदळआपट झाली, किंवा त्यांच्यापैकीही कुणी दूरच्या कुणाशी दोन शब्द बोलता यावेत म्हणूनच झटत होतं का, याविषयी माहिती उपलब्ध नाही. ती मागवण्यातही आली नाही. तक्रारी पुष्कळ आल्या. यंत्राने बुटकीला समज दिली, मग कडक समज दिली, मग काही दिवस बाहेर बसवलं. ती निष्ठेने परत आली आणि परत निघून गेली.

हे सगळं कानावर आलं तेव्हा सून कपबशा विसळत होती. ती हसून म्हणाली, "आई, मग आपली बुटकीपण वाटसरूच की."

मेट्रनबाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "ती पळून जात नाही," त्या म्हणाल्या. "तिला घरचं काम आहे."

यथावकाश बुटकी तांब्यावर आली आणि आजी-नात एका संघात बसल्या. सोबत यंत्राने दिलेले तिघे परके. पहिला डाव ते सपशेल हरले. एक जण आधीच मेला आणि मार्गदर्शन करू लागला. एक जण मध्येच गेला. एक जण वेड्यासारखा धावत सुटला आणि मेट्रनबाईंनी त्याला जिवापाड जपलं. त्या गडबडीत बुटकी त्यांच्या डोळ्यांदेखत तीनदा मेली. याबद्दल बुटकीने चकार शब्द काढला नाही. नावं ठेवायला दुसरे तिघे उपलब्ध असताना आजीला बोलण्याची गरजच काय होती?

आणि डाव संपला तरी फोन चालूच राहिला. तो धावणारा कसा आंधळ्यासारखा गेला, तो सेनापती मेल्यावर काय काय बरळला, निघून गेलेल्याला आईबापांनी काही वळण लावलं असेल का, हे सगळं बुटकीने पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं, आजीने त्यात आपली भर घातली, आणि बोलता बोलता बुटकी हेही सांगून गेली की ऑफिसातल्या साहेबाशी तिचं पटत नाही, घरमालकीण कटकटी आहे, आणि गेले काही महिने तिला तिथे फार एकटं वाटत होतं. मेट्रनबाई ऐकत राहिल्या. चहा निवून गेला. त्यांनी तो तसाच पिऊन टाकला.

आता हा रोजचा परिपाठ आहे. दोघी बहुतेक वेळा हरतात आणि मग तासभर बोलतात. दोन पिढ्यांमधलं अंतर तिसऱ्या माणसाला नावं ठेवून जितकं भरून निघतं तितकं कशानेच निघत नाही, असं मेट्रनबाईंचं अनुभवसिद्ध मत आहे. मात्र तो तिसरा माणूस परका हवा. ओळखीचा निघाला तर जीभ अडखळते, त्याच्या बायकोचं बाळंतपण आठवतं, आणि सगळा विचका होतो.

ते तिघे कोण असतात, कुठले असतात, हरल्यावर त्यांचं काय होतं, हे दोघींनी कधी विचारलेलं नाही. यंत्र रोज नवे देतं. आपण स्वतः असला खेळ खेळत असाल आणि अलीकडेच एखादा डाव भिडूंच्या मूर्खपणामुळे हरला असाल, तर मन लहान करून घेऊ नये. कुठल्या तरी घरात, दोन माणसं पुष्कळ दिवसांनी जवळ येऊन, आपल्याच विषयी फार जिव्हाळ्याने बोलत आहेत.