कारभारीचा कडा

गोजरबाईच्या नवऱ्याला, कारभारीला, साधी दरड म्हणून कधी दिसलीच नाही. ओढ्याकाठी मातीची उभी भिंत दिसली की तो 'कडा', गुरं चरायचं टेकाड दिसलं की तोही 'कडा', आणि दोन धोंडे एकावर एक दिसले की झाला 'सुळका'! भोकरदनच्या उत्तरेला, डोंगराच्या पायथ्याशी जन्म काढलेल्या माणसानं असं बोलावं म्हणजे लाजच सोडली म्हणायची. त्या गावात या शब्दांचा हिशेब पक्का होता. टेकाडावरून कुणी घसरला तर लोक हसायचे. दरडीवरून पडला तर हळद आणि बाज घेऊन यायचे. आणि 'कड्यावरून पडला' एवढं कानावर आलं की बाया पदर डोळ्यांना लावायच्या, गडी हिरवे बांबू तोडायला निघायचे. जिवंत आहे का, हे कुणी विचारायचंच नाही. गावामागच्या त्या कड्यानं तशी सोयच ठेवली नव्हती.

निजामाच्या राज्यात नवी सडक निघाली आणि खडीसाठी दगड फोडायचा ठेका पाशामियाँला मिळाला. त्याला टोळीवर मुकादम हवा होता. मुकादमी म्हणजे फेटा बांधून सावलीत उभं राहायचं. नाही मिळाली तर चारचौघांसारखे उन्हात दगड फोडायचे, तेही बहुधा पुंजारामाच्या, म्हणजे चुलतभावाच्या हाताखाली. कारभारीनं चावडीवर छाती फुगवली.

"पाशाभाई, कडा म्हंजे माझं अंगण हाय. वर चढून दगड बघून येतो, मंग सांगतो कुठून फोडायचा."

"बराबर! चढून आले तर मुकादमी तुमची. पंचासमोर बोलून राह्यलो."

गोजरबाईनं भाकरी बांधून देताना हळूच विचारलं, "अहो, खरंच चढणार हायेत का?"

"तू गप. बायकांना कड्यातलं काय कळतं?"

गडी ऐटीत निघाला. कडा जवळ आला, त्यानं मान वर केली आणि ऐट तिथंच उतरली. हा बहाद्दर मुकाट्यानं वळला, ओढ्याकाठच्या दरडीवर जाऊन बसला, भाकरी खाल्ली आणि तिथंच आडवा झाला. दिवस मावळेस्तोवर लोळायचं आणि चढून आलो म्हणून सांगायचं, एवढीच त्याची अक्कल. पण दरडीच्या टोकाला माती सुटते हे शेरडांनासुद्धा कळतं. ती सुटली. कारभारी छातीइतक्या उंचीवरून धपकन खाली आला आणि त्याचा घोटा मुरगळला.

मेंढरं घेऊन चाललेला मच्छिंद्र धावत आला. "काय झालं दादा? दरडीवरून पडले जणू?"

"दरड कुणाला म्हणतो रे? गावात जाय जल्दी, कारभारी कड्यावरून पडला म्हणून सांग."

"पण दादा, कडा म्हणलं की लोकं..."

"सांगतो तेवढंच सांग! जास्ती तोंड चालवू नको!"

मच्छिंद्र सरळ माणूस. त्यानं तेवढंच सांगितलं आणि मेंढरांमागं निघून गेला.

इकडे कारभारी बाजेची वाट बघत बसला. चौघे आपल्याला उचलतील, पाशामियाँ वाहवा करेल, असं त्याचं चाललं होतं. तेवढ्यात गलका ऐकू आला. पुढे पुंजाराम, खांद्यावर बांबू. मागे कुणाच्या हातात मडकं, कुणाच्या हातात कोरं कापड. त्यांच्यात पाशामियाँ होता, आणि डोळ्यांना पदर लावलेली गोजरबाईही. आणि सगळ्यात वरच्या पट्टीत रडत होती चुलती साळूबाई, जी एरवी त्याच्याशी धड बोलतही नसे.

"बाज कुठंय?" कारभारीनं विचारलं.

रडणं मध्येच तुटलं. "ह्यो तर जित्ता हाय!" पुंजाराम म्हणाला, आणि त्याच्या आवाजात आनंदापेक्षा बांबू तोडल्याचा वैतागच जास्त होता.

"या अल्ला! मंग कडा?" पाशामियाँनं विचारलं.

सगळ्यांनी वर पाहिलं. छातीइतकी दरड, सुटलेली माती आणि भाकरीचं फडकं.

"ह्या दरडीपायी मी घसा फोडला?" साळूबाई कडाडली. "मेल्या, माझं रडणं वाया घालवलं!"

"ते जाऊ द्या," कारभारी कसनुसं हसला. "पाशाभाई, मुकादमीचं तेवढं..."

पाशामियाँनं दाढी खाजवली. "ऐसा हुआ भाऊ, खबर आली तवा भाबी लई रडत होत्या. मला ऱ्हावलं न्हाई. मुकादमी गोजरबाईला दिली म्हणून मी पंचासमोर जबान देऊन बसलो. आता फिरवू कशी? भाबी स्वतः सोडतील तर बात अलग."

सगळे गोजरबाईकडे वळले. नवऱ्याला जिवंत बघून तिचा जीव भांड्यात पडला होता, हे खरं. पण ते फडकं बघून तिचा संतापही व्हायचा तेवढा झालाच होता.

"अगं, सांग ना सोडते म्हणून!" कारभारी कळवळला.

"का म्हणून? मेलेल्या माणसाच्या बायकोला मिळाल्ती ती. तुम्ही जित्ते हायेत, तुम्हाला काय कमी? उद्या दिवस उगवायच्या आत टोळीत या." तिनं पदर खोचला. "आन ते बांबू उचला. टोपल्या वळायला व्हतील."

कारभारीनं पुंजारामाकडे पाहिलं, पाशामियाँकडे पाहिलं. मग मुकाट्यानं वाकला आणि आपल्या तिरडीचे बांबू खांद्यावर घेऊन मुकादमाच्या मागे लंगडत निघाला.