नऊ किलो जास्तीचे

माझी लेक नीतू झोपलीय तेवढ्यात सांगून टाकते. विमानाची तपासणी कशी पार पाडावी, हे कोणी मला विचारावं! अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात माझ्याइतकी चोख फाईल कोणाची नसेल. (दुसऱ्या कोणाच्या घरी विमान आहे तरी कुठं म्हणा!)

आमच्या घरी आहे. माझे सासरे भोजराज, म्हणजे मामाजी, विमानांचे मेकॅनिक होते. उडवायचा परवानाही आहे. निवृत्तीनंतर लोक प्लॉट घेतात, यांनी अठ्ठ्याहत्तर वर्षांचं दोन सिटांचं पिवळं विमान घेतलं! अकरा वर्षं ठोकलं, घासलं, रंगवलं. आणि अकरा वर्षं आई, म्हणजे माझ्या सासूबाई भागीरथाबाई, एकच ऐकत आल्या, "यंदा तुले तुझ्या माहेरावरून, चोरखमाऱ्यावरून फिरवतो!"

गेल्या रविवारी त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. आईंनी स्वच्छ सांगून टाकलं, "रविवारी नाही बसवलं, तर सोमवारी मीच भंगारवाल्याले बोलावतो!"

म्हणजे सगळं उड्डाणयोग्यतेच्या सरकारी कागदावर अडलेलं. मंगळवारी नागपूरहून तपासणीला मेश्रामसाहेब आले. आम्ही घरचे सगळे धावपट्टीशेजारच्या शेडमध्ये हजर, जणू मुलगी दाखवायचा कार्यक्रम! साहेबांनी पंख हलवून पाहिले, तारा ओढून पाहिल्या. मी फाईलचं पान उलटायचे, ते मान डोलवायचे. राहिलं फक्त वजन. विमानाचं वजन नोंदवहीतल्या आकड्याशी जुळलंच पाहिजे, नाहीतर कागद नाही!

तीन चाकांखाली तीन काटे ठेवले. साहेबांनी बेरीज केली आणि चष्मा काढला.

"बारा किलो जास्त."

"काटा खराब असन जी!" मामाजी.

"काटा काल तपासलाय. विमानात काही ठेवलंय का?"

शाळेत खोडी पकडल्यासारखे सगळे एकमेकांकडे पाहू लागले! मग आई पदर सावरत पुढं आल्या. सिटाखालून एक पिशवी ओढली.

"दोन किलो चिवडा हाय. भावाच्या आंगणात वरून टाकतो म्हटलं."

"वरून?" साहेबांचा पेन खाली पडला. "बाई, विमानातून काही टाकायचं नसतं!"

"दगड थोडीच हाय जी? चिवडाच हाय!"

मग माझा नवरा लोकेश कान खाजवत आत वाकला आणि पुढच्या सिटापाशी राहिलेले पाने-हातोडी काढून दिले. एक किलो. मामाजींनी त्याच्याकडे असं पाहिलं की हातोडी लाजली असती.

राहिले नऊ. आणि ते नऊ स्थिर राहीनात! नऊ-शंभर, नऊ-तीनशे, पुन्हा नऊ...

"आत काहीतरी हलून राहिलं," लोकेश हळूच म्हणाला.

"उंदीर असेल," साहेब.

"नऊ किलोचा?"

"घोरपड असन गा!" आई ओरडल्या. आम्ही सगळे तीन पावलं मागं. साहेब चार!

नऊ किलो... नऊ किलो दोनशे... हा आकडा मी कुठं वाचला? काल अंगणवाडीच्या कार्डावर!

"आई, नीतू कुठंय?"

"काऊन वं, तुझ्यापाशी ना?"

"माझ्याकडे कुठं? तुमच्याकडे दिली होती!"

"मी तं तुझ्या मामाजीच्या हाती देल्ली!"

मामाजींचा चेहरा पिठासारखा. "अरे बाप्पा! किरकिर करून राहिली होती. मीच निजवलं तिले. मांग. सामानाच्या कप्प्यात."

मी धावले. झाकण आधीच उघडं होतं. आत मामाजींच्या जुन्या स्वेटरवर माझं दहा महिन्यांचं बाळ नुकतंच जागं झालेलं, गालावर ग्रीसचा टिळा, पायाचा अंगठा तोंडात. मला पाहून तिनं हसून दोन्ही हात वर केले. मी रडत होते की हसत होते, देव जाणे. तिला उचलताच काटा मात्र जुळला!

"जास्तीच्या वजनाचं कारण लिहावं लागेल," साहेब गंभीरपणे म्हणाले, पण मिशी थरथरत होती. "शाईनं. नोंदवहीत खाडाखोड चालत नाही."

ते सांगत गेले, मी माझ्या वळणदार अक्षरात लिहीत गेले: "मागच्या सामानकप्प्यातून मुलगी एक, वजन नऊ किलो दोनशे, काढण्यात आली. पुन्हा बसवू नये." खाली मामाजींची सही. विमान असेतोवर दरवेळी येणारा नवा साहेब हे वाचणार!

शनिवारी कागद आला. रविवारी आई नवं लुगडं नेसून, पट्टा बांधून मागं बसल्या. विमान सुटलं, भाताच्या बांध्यांवरून पिवळ्या फुलपाखरासारखं वर गेलं. नीतू माझ्या कडेवर टाळ्या पिटत होती. तरी मी दोनदा खाली पाहून ती तिथंच असल्याची खात्री केली.

तासाभरानं उतरले. मामाजींचे डोळे पाणावलेले. मी धावत गेले, "आई, कसं वाटलं?"

"बाकी मंग सांगतो. पहिले फोन दे वं!" त्यांनी पट्टाही सोडला नव्हता. "भावाच्या छपराची तीन कवेलू फुटली हायेत. खालून त्याले दिसत नाही, मले वरून दिसलं!"