पुसू नये

प्राध्यापकांच्या निवृत्तीला तीन दिवस उरले होते आणि त्यांची विद्यापीठातली खोली आवरायला बायको स्वतः आली होती. सर शेवटचा तास घेऊन परत येईपर्यंत बाईंनी दोन कपाटं रिकामी केली, खिडकी पुसली आणि ओल्या फडक्यानं फळा लख्ख करून टाकला.

सर दारातच थबकले. "अगं, फळा!"

"बघा, कसा निघालाय! कोपऱ्यातला तो चौकोन तर जाता जात नव्हता."

"त्यावर 'पुसू नये' लिहिलं होतं ना!"

"घरी न्हाणीघराच्या आरशावरही लिहिता. मी रोज पुसते."

सर मटकन खुर्चीत बसले. त्यांच्या सगळ्या सिद्धतेची एकच पायरी नऊ वर्षं अडून बसली होती आणि ती त्या चौकोनातल्या सात ओळींत होती. वहीत उतरवलं की डोकं चालायचं थांबतं, असा त्यांचा हट्ट. तीन दिवसांत सुटली तर ठीक, नाहीतर सगळं मुसळ केरात!

त्यांनी खडू घेतला. दोन ओळी आठवल्या, तिसरीला हात थांबला. रोज समोर दिसणारं कोण कशाला पाठ करतो? बाईंचे डोळे भरून आले. "माझ्या मेलीच्या हाताला काय घाई झाली होती!"

"द्या इकडे खडू," दारातून विभागाचे शिपाई म्हणाले. सगळे त्यांना मामा म्हणत. नऊ वर्षं त्यांनी चौकोनाच्या कडेकडेनं फळा पुसला होता. गणितातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण सातही ओळी त्यांनी सरांच्या वळणासकट उतरवल्या.

"पाचवीत चुकलात, मामा. तिथं वजा होतं."

मामांनी मान खाली घातली. "आधी अधिकच होतं, सर. पहिल्याच आठवड्यात फडकं लागलं आणि उभी रेघ गेली. तुमच्या लिखाणात मी कशी रेघ ओढणार? रोज म्हणायचो, आज सांगतो. तुमचा चेहरा बघितला की धीरच व्हायचा नाही."

स्वतःच्या अक्षरावर सरांनी कधी शंका घेतली नव्हती. ते उठले. आठवी ओळ लिहिली, नववी लिहिली, दहावीखाली दोनदा रेघ ओढली. मामा बोलणी खायच्या तयारीनं उभेच होते.

"सुटलं?" बाईंनी डोळे पुसले.

"सुटलं." सर त्यांच्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिले. "अगं, नऊ वर्षांपूर्वीच का नाही आलीस?"

"कशी येणार? दारावर 'आत येऊ नये' कोणी लिहिलंय?"