पाणी न पिणारे मास्तर

दर रविवारी सकाळी साडेसहाला माधवराव टिपणीस सायकल खांद्यावर घेऊन जिना उतरत, तेव्हा अख्ख्या चाळीला कळे की मास्तर निघाले. कुठे निघाले, हे मात्र कोणी विचारत नसे. विचारलं असतं तर माधवरावांनी सांगितलं असतं, आणि बराच वेळ सांगितलं असतं. त्यामुळेही कोणी विचारत नसेल.

तीस वर्षं त्यांनी भिवंडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवला. नदीचं खोरं म्हणजे काय, हे निळ्या खडूने फळ्यावर काढून दाखवलं. प्रत्यक्षात त्यांनी एकही खोरं पाहिलेलं नव्हतं. "गंगेचं राहू द्या, ही कामवारी घरामागून वाहतेय, तिचं तरी तोंड बघा," असं सरलाबाई म्हणत. निवृत्त झाल्यावर माधवरावांनी सायकल घेतली, आणि त्याच वर्षी सरलाबाई गेल्या. मग रविवारचं घर त्यांना खायला उठू लागलं. आजूबाजूला यंत्रमागांचा खडखडाट चालू असायचा, पण घरात कोणी बोलणारं नव्हतं.

म्हणून ते कामवारीच्या काठाने निघत आणि पुढे तानसेच्या खोऱ्यात शिरत. डांबरी रस्ता त्यांना वर्ज्य होता. खडी पसरून ठेवलेली आणि डांबर कधीच न आलेली वाट दिसली, की ते सायकल तिकडे वळवत. संध्याकाळी डायरीत नोंदी होत : 'खडी बारीक, चाक घसरते.' 'खडी मोठी, मणक्यास वाईट.' 'आंब्याची सावली, दहा मिनिटे बसण्याजोगी.' हे वाचणार कोण, हा प्रश्न त्यांना पडे, पण लिहिणं काही थांबत नसे.

त्या डायरीच्या पहिल्या पानावर एक ओळ छापलेली होती : 'अपघात झाल्यास कोणास कळवावे'. तीन वर्षं झाली, तिच्यापुढची जागा कोरी होती. दर जानेवारीत माधवराव पेन उघडून त्या जागेपाशी थांबत, इंदूरच्या भाच्याचा पत्ता आठवून बघत आणि पेन पुन्हा खिशाला लावत. आपण गेलो तर कळवायचं कोणाला आणि येणार कोण, याची त्यांना खरोखर भीती वाटे. मरणाची तेवढी वाटत नसे.

एक्क्याण्णव सालच्या मार्गशीर्षातल्या एका रविवारी दिघाशीच्या अलीकडे त्यांच्या मागच्या चाकातली हवा गेली. रस्त्याच्या मोरीवर बसलेल्या गुराख्याने सांगितलं, "गावात केसरीनाथकडं पंप हाय." माधवराव सायकल ढकलत केसरीनाथच्या दारी पोचले आणि कुडाच्या कुंपणाबाहेर उभे राहिले. सारवलेल्या अंगणात जायचं तर बुटांच्या नाड्या सोडायला हव्या होत्या, आणि एकदा वाकल्यावर त्यांची कंबर लवकर सरळ होत नसे.

अंगणात केसरीनाथची आई भात पाखडत होती. गाव तिला आक्का म्हणे.

"कोन हवाय?"

"केसरीनाथ आहेत का?"

"त्यो शेतावर गेलाय. कुठशी आलाव?"

"भिवंडीहून. तिथे शाळेत मास्तर होतो."

"बसा ना. पानी घ्या." आक्काने तांब्या पुढे केला.

"नको, पाणी नको," माधवराव म्हणाले. मागे एकदा कुठल्याशा लग्नात पाणी पिऊन त्यांना कावीळ झाली होती, आणि बाहेरचं पाणी पिणार नाही अशी शपथ सरलाबाईंनी त्यांना घातली होती. शपथ घालणारी उरली नव्हती, म्हणून तर ती मोडायची हिंमत होत नव्हती. शिवाय खांद्याला वॉटरबॅग होतीच.

"मंग आत तरी या."

"नको, मी इथेच बरा आहे. माझं काम त्यांच्याशीच होतं."

"आमाला सांगा की."

"तुमच्याने नाही व्हायचं ते," माधवराव हळुवारपणे म्हणाले. त्यांच्या डोळ्यांपुढे पंप होता. पंप मारावा पुरुषाने, असं त्यांचं ठाम मत होतं. घरचा पंप सरलाबाईच मारत, हे ते अशा वेळी सोयीस्करपणे विसरत.

तांब्या मागे घेता घेता आक्काचा हात थांबला. "मानकोलीवरनं तर नाय ना आलाव?"

"गेल्या रविवारी तिथेच होतो. आता पुन्हा तिकडे जाववत नाही हो," असं म्हणून माधवरावांनी सुस्कारा सोडला. मानकोलीच्या खाडीकाठची त्यांची आवडती कच्ची वाट गोदामांच्या भरणीखाली गेली होती.

आता त्या गावात मयताचा निरोप आणणाऱ्याची एक रीत होती. तो अंगणात पाऊल टाकत नाही, पायातलं काढत नाही, पाण्याला शिवत नाही, आणि काय सांगायचं ते घरातल्या बाप्याच्याच कानावर घालतो. भूगोलाच्या पुस्तकात हे कुठेच नसल्यामुळे माधवरावांना त्याचा पत्ता नव्हता. त्यांनी मात्र रीतीतली एकही गोष्ट चुकवली नव्हती. त्यात त्यांचा चेहरा जन्मापासूनच दहाव्याला निघाल्यासारखा. आणि मानकोलीला आक्काचा थोरला भाऊ चांगदेव महिनाभर अंथरुणावर होता.

आक्काच्या हातातला तांब्या पडला. "माज्या दादा रंऽऽ!"

शेजारच्या बायजाबाई आणि रंगूबाई धावत आल्या आणि काही न विचारता रडू लागल्या. माधवराव घाबरले. मागच्या दाराने काहीतरी वाईट बातमी आली असावी, अशी त्यांनी समजूत करून घेतली आणि टोपी काढून, मान खाली घालून बाजूला उभे राहिले. त्यामुळे उरलीसुरली शंकाही फिटली.

केसरीनाथ शेतावरून धावत आला. "मास्तर, काय ते सांगा."

अशा प्रसंगी पंप मागायचा म्हणजे अगदीच माणुसकी सोडल्यासारखं. माधवराव म्हणाले, "नको. ही बोलायची वेळ नाही."

"समाजलं," केसरीनाथ म्हणाला आणि त्याने डोळे पुसले.

त्याचा चुलतभाऊ बाळाराम गवताचा टेंपो चालवायचा. मानकोलीला जायला त्याने तो बाहेर काढला. अठरा माणसं चढली, आणि त्यांच्यामागोमाग सायकलही चढली. "तुमीबी चला मास्तर. येवढ्या लांब आमच्यासाठी आलाव," बाळाराम म्हणाला. परक्या माणसाची सायकल ढकलण्यातून सुटका व्हावी म्हणून, स्वतःच्या घरात दुःख असताना, ही माणसं त्याला भिवंडीपर्यंत सोडतायत! माधवरावांना भरून आलं. कोण गेलं हे विचारायचं त्यांच्या जिवावर आलं. इतका वेळ सोबत राहून आता विचारायचं कसं?

टेंपोत गवताच्या काड्या होत्या आणि नुसता आक्रोश चालला होता. माधवरावांना अगदी आक्काशेजारी जागा मिळाली होती. "मना टाकून एकटाच गेलास रंऽऽ," आक्का म्हणाली, आणि माधवरावांच्या आत काहीतरी सुटलं. सरलाबाई गेल्या तेव्हा ते रडले नव्हते. त्या दिवशी सतरंज्या कुठून आणायच्या, चहा किती टाकायचा, यातच वेळ गेला होता. नंतर रडायला समोर कोणी नव्हतं. आता वाटेतल्या अंबाडीपासून भिवंडीपर्यंत ते हुंदके देऊन रडले. भिवंडीत उतरायचंही त्यांना सुचलं नाही.

"फार जवलचा दिसतोय," बायजाबाई रंगूबाईच्या कानात म्हणाली.

मानकोलीला टेंपो थांबला, तेव्हा चांगदेव ओट्यावर बसून सुकट-भाकरी खात होता. अठरा माणसं गळा काढत उतरताना पाहून त्याचा घास हातातच राहिला.

"आरं, कोन गेला?" त्याने विचारलं.

मग सगळ्यांच्या माना एकदम माधवरावांकडे वळल्या.

"मास्तर," केसरीनाथ सावकाश म्हणाला, "तुमी आमच्याकडं कशाला आलता?"

"हवा भरायला. पंप हवा होता."

"आन् मंग रडत कशाला व्हता?" बाळारामने विचारलं.

माधवरावांनी रुमाल शोधला. तो सापडला नाही. "तुम्ही सगळे रडत होता," ते म्हणाले, "आणि माझी बायको गेली. तीन वर्षं झाली."

मग ओट्यावरून चांगदेव खोकत खोकत हसू लागला. "आक्के, येवढी रडलीस माज्यासाठी? जित्तेपनी ऐकाया भेटला, बरा झाला!" तेव्हा कुठे माणसं हसली. केसरीनाथने शेजारून पंप आणून चाकात हवा भरली, आणि आक्का चांगदेवच्या घरातून पाण्याचा तांब्या घेऊन आली.

"आधी पी. मंग जा. तुज्या पानी न पिन्यानं ह्यो सगला घोल झाला."

माधवरावांनी ओशाळून शपथेचं सांगितलं. आक्काने ऐकून घेतलं आणि तांब्या परत आत नेला. "बायकोची शपत मोडू नको. मी उकलून देते." पाणी उकळलं. मग ते निवेपर्यंत अठरा माणसं ओट्यावर बसून राहिली. माधवराव तांब्याभर पाणी प्यायले, तेव्हा बायजाबाईने सुटकेचा निःश्वास टाकला.

ही गोष्ट खोऱ्यात सगळीकडे पसरली. पुढच्या रविवारपासून माधवरावांची घंटी वाजली की वाटेवरच्या बाया उकळलेलं पाणी घेऊनच बाहेर येत. मास्तरांनी घोट घेतला, की घरोघरी कळे, सगळी माणसं शाबूत आहेत. दिघाशीत तर आक्काने उकळलेल्या पाण्याचा एक तांब्या वेगळा काढला आणि त्याला दुसऱ्या कोणाला हात लावू देत नसे. माधवरावांची डायरी बदलली. खडीच्या नोंदी कमी झाल्या. 'रंगूबाईंचा गुडघा दुखतो.' 'चांगदेव आता चालतात.' 'आक्कांनी विचारले, वांगी खातोस का?'

फाल्गुनात मास्तरांना ताप आला. दोन रविवार गेले. तापात ते छताकडे बघत पडून राहत. समोरच्या बिऱ्हाडातल्या प्रमोदिनीबाईंना हाक मारावी असं त्यांना दोनदा वाटलं, पण कधी बोलणंच नसल्यामुळे हाक काय म्हणून मारायची ते ठरेना. डायरी उशाशी होती. पहिल्या पानावरची जागा अजून कोरीच होती.

मंगळवारी सकाळी दार वाजलं. चाळ विचारत विचारत आलेला बाळाराम होता. तो उंबऱ्याबाहेर उभा होता, पायात चपला तशाच.

"या, या बाळाराम! आत या. पाणी देतो."

"नको," बाळाराम म्हणाला. "पानी नको."

माधवरावांनी दाराची चौकट धरली. आता त्यांना रीत चांगली माहीत होती.

"आक्का?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"आक्कानंच धाडलाय," बाळाराम म्हणाला. तो त्यांना निरखून बघत होता. "म्हनली, मास्तर दोन आयतवार आला न्हाय, म्हंजे काय तरी झालाच. घरात मयत असंल तं पानी पिऊ नको म्हनली." त्याने आत डोकावून बघितलं. "पन तुमी तर जित्ते हाव."

"ताप होता."

"निस्ता ताप?" बाळाराम जरासा हिरमुसला. मग तो गॅलरीच्या कठड्यावरून वाकून ओरडला, "जित्ता हाय!"

माधवरावांनी खाली पाहिलं. गल्लीत टेंपो उभा होता. त्यात केसरीनाथ होता, बायजाबाई, रंगूबाई होत्या, काठी धरून चांगदेवसुद्धा होता. सगळ्यांचे डोळे रडून लाल झालेले. पुढच्या सीटवर मांडीवर तांब्या घेऊन आक्का बसली होती.

"मेल्या, कलवायचं नाय का?" तिने खालूनच विचारलं, आणि ती पुन्हा रडू लागली.

अठरा माणसं जिना चढली. माधवरावांच्या घरात वापरातला पेला एकच होता. प्रमोदिनीबाईंनी आपणहून ट्रेभर पेले आणून दिले आणि त्याही तिथेच बसल्या. ताप किती, डॉक्टर कोण, जेवलास काय, असा गलका दुपारपर्यंत चालला. बाजूच्या मागांचा आवाज त्या दिवशी कोणाला ऐकू आला नाही.

सगळे गेल्यावर माधवरावांनी डायरीचं पहिलं पान उघडलं. 'अपघात झाल्यास कोणास कळवावे' यापुढे त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं : 'आक्का, मु. दिघाशी.' थोडा वेळ विचार करून खाली आणखी एक ओळ घातली : 'कळवण्यापूर्वी नीट खात्री करून घ्यावी.'